कधी, कुणाला, किती? : गांजातली संयुगं आणि मेंदूतला दाह

डोक्याला जबर मार लागलेला माणूस सहा तासांच्या आत इस्पितळात पोचला, तर त्याच्या शिरेतून एक औषध द्यायचं. १५० मिलिग्रॅम, एकदाच. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. कुणाच्या वाट्याला काय आलं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही. २००१ ते २००४ या काळात १५ देशांतल्या ८६ केंद्रांवर ८६१ रुग्णांना घेऊन ही चाचणी झाली. औषधाचं नाव होतं डेक्सॅनॅबिनॉल. ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात घडलं होतं. गांजातल्या नशा आणणाऱ्या रेणूच्या धर्तीवर तिथे एक अतिशय प्रखर संयुग बनवलं गेलं होतं. डेक्सॅनॅबिनॉल ही त्याची आरशातली प्रतिमा. नशा त्यात उरलेली नव्हती.

कवटीवर बसणारा घाव क्षणाचा असतो. त्या क्षणी ज्या पेशी मरतात त्यांना कुठलंच औषध परत आणत नाही. प्रश्न असतो पुढच्या तासांचा आणि दिवसांचा. मेलेल्या पेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडतं आणि शेजारच्या धडधाकट चेतापेशी त्याच्या माऱ्याने अतिउत्तेजित होऊन मरू लागतात. मेंदूतल्या संरक्षक पेशी जाग्या होतात, टीएनएफसारखी दाह वाढवणारी प्रथिनं सोडतात. सूज चढते. पायाला सूज आली तर कातडी ताणते. कवटी हाडाची, तिथे सुजेला पसरायला जागाच नाही, त्यामुळे मेंदू स्वतःच्याच दाबाखाली चेंगरतो. डेक्सॅनॅबिनॉल ग्लुटामेटचा एक मार्ग रोखायचं आणि टीएनएफही उतरवायचं. प्राण्यांमध्ये त्याने सूज कमी झाली. इस्रायलमध्ये ६७ रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीत ते सुरक्षित ठरलं आणि कवटीतला दाबही जास्त चांगला आटोक्यात राहिला. त्यामुळे मोठ्या चाचणीकडे मेंदूच्या शल्यचिकित्सकांचे डोळे लागले होते.

सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णाची अवस्था तपासली गेली. औषध मिळालेल्यांपैकी ५० टक्के वाईट अवस्थेत होते किंवा दगावले होते. औषध न मिळालेल्यांपैकी ५१ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. २००६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त हा निकाल छापून आला आणि ते औषध त्या कामासाठी संपलं.

त्याच सुमाराला, २००४ मध्ये, दुसऱ्या एका चाचणीचा निकाल आला होता. ‘क्रॅश’ नावाच्या त्या चाचणीत डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांचा समावेश होता. त्यात तपासलं जात होतं ते दाह आवरणारं सगळ्यांत ओळखीचं औषध, स्टेरॉइड. कित्येक वर्षं जगभरातले डॉक्टर ते अशा रुग्णांना देत आले होते, कारण तर्क सरळ होता: सूज आहे, तर सूज उतरवा. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. दाह दडपणारं औषध दिल्यावर माणसं जास्त मेली.

या दोन निकालांपासून सुरुवात करण्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत सीबीडी, ‘विजया तेल’, ‘मेडिकल कॅनबिस’ ही गांजापासूनच्या औषधांची नावं घराघरांत पोचली आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, अल्झायमरचे रुग्ण, न आवरणारा अपस्मार असलेली मुलं, यांच्या घरच्यांच्या फोनवर कुणी ना कुणी जाहिरात किंवा चित्रफीत धाडतोच, आणि न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेर बसलेले नातेवाईक एकमेकांना विचारतात, ‘तुम्ही देऊन बघितलं का?’ त्यांना सरळ उत्तर मिळायला हवं. गांजातल्या संयुगांमध्ये मेंदूतला दाह आवरण्याची ताकद आहे, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माणसापर्यंत येता येता ती ताकद बहुतेक वेळा हातून निसटते. ही दोन्ही विधानं खरी आहेत, आणि ती का खरी आहेत हे समजून घेतल्याशिवाय त्या नातेवाइकांना उत्तर देता येत नाही.

*

आधुनिक वैद्यकात या झाडाचा प्रवेश आपल्याच देशातून झाला. विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी हा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होता. स्थानिक वैद्य आणि हकीम गांजा-भांगेचा उपयोग कसा करतात हे त्याने विचारून घेतलं, मग अर्क काढून आधी प्राण्यांवर आणि नंतर रुग्णांवर वापरला. १८३९ मध्ये त्याने आपली निरीक्षणं कलकत्त्याच्या वैद्यकीय मंडळापुढे मांडली. धनुर्वाताचे झटके, संधिवात, अवघ्या चाळीस दिवसांच्या एका बाळाच्या आकड्या, अशी प्रकरणं त्यात आहेत. श्वानदंशाचा एक रुग्ण वाचला नाही, पण त्याचे अखेरचे दिवस कमी यातनेचे गेले, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. तो पुढे हिंदुस्थानातल्या तारायंत्राच्या उभारणीसाठी जास्त ओळखला गेला. माझ्या मते त्याचं हे काम त्याहून मोठं आहे.

मात्र या अर्कात नेमकं काय आहे, ते पुढची सव्वाशे वर्षं नीट कळलं नाही. अफूतलं मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळं झालं, कोकेन १८६० मध्ये. ती अल्कलॉइड्स, त्यांचे स्फटिक करता येतात. गांजाची संयुगं तेलकट, एकमेकांसारखी आणि एकमेकांत मिसळलेली. १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्सने कॅनाबिडिऑल, म्हणजे आजचं सीबीडी, वेगळं केलं, पण त्याची नेमकी रचना उलगडली नाही.

ती उलगडली राफाएल मेशुलाम यांनी. १९३० मध्ये बल्गेरियातल्या सोफियात जन्मलेला, महायुद्धाच्या वणव्यातून वाचून १९४९ मध्ये इस्रायलला आलेला हा रसायनशास्त्रज्ञ. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत काम करताना त्यांनी पोलिसांकडून तस्करीतला जप्त केलेला पाच किलो लेबनीज हशीश मिळवला आणि तो बसने प्रयोगशाळेत आणला. आरोग्य खात्याची परवानगी त्यासाठी लागते हे त्यांना नंतर कळलं. १९६३ मध्ये सीबीडीची रचना आणि १९६४ मध्ये येहिएल गाओनी यांच्याबरोबर टीएचसी, म्हणजे नशेचा मूळ रेणू, त्यांनी जगापुढे ठेवला. झाडात अशी शंभरहून अधिक संयुगं, म्हणजे कॅनाबिनॉइड, आहेत. पण पुढच्या सगळ्या संशोधनाचा पाया या दोन रेणूंनी घातला.

रेणू मिळाला, पण तो शरीरात जाऊन कशाला चिकटतो? १९८८ मध्ये सेंट लुइसला ॲलिन हाऊलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी मेंदूत त्याचा रिसेप्टर असल्याचं दाखवलं. १९९० मध्ये त्याचं जनुक हाती आलं. १९९३ मध्ये केंब्रिजला शॉन मन्रो यांना दुसरा रिसेप्टर सापडला, तो प्लीहेत आणि रोगप्रतिकारक पेशींवर. पहिला सीबी-१, दुसरा सीबी-२. शरीराने एखाद्या झाडासाठी रिसेप्टर राखून ठेवलेला नसतो, तेव्हा शरीराचं स्वतःचं काहीतरी असणारच. १९९२ मध्ये डिव्हेन, लुमिर हानुश आणि मेशुलाम यांनी डुकराच्या मेंदूतून तसा एक पदार्थ काढला आणि संस्कृतातला शब्द घेऊन त्याला आनंदामाइड हे नाव दिलं. १९९५ मध्ये दुसरा सापडला, २-एजी. मेंदूत तो आनंदामाइडपेक्षा कितीतरी जास्त असतो.

गांजाने आपल्याला दिलेली सगळ्यांत मोठी देणगी म्हणजे ही ओळख, असं मला वाटतं. मेंदूकडे स्वतःची दाह आवरण्याची व्यवस्था आहे, हे त्या झाडामुळे कळलं.

*

ही व्यवस्था समजायची तर मायक्रोग्लिया या पेशींची ओळख हवी. १९१९ मध्ये माद्रिदला पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूचे पातळ काप रंगवून या पेशी प्रथम स्पष्ट दाखवल्या. थोर चेताशास्त्रज्ञ काहाल यांच्या प्रयोगशाळेत ते काम करत होते. काहालना या पेशींचं चित्र वेगळं दिसत होतं, मतभेद विकोपाला गेले आणि १९२० मध्ये ओर्तेगांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पण बरोबर तेच होते. मायक्रोग्लिया चेतापेशींच्या घराण्यातल्या नाहीत. गर्भ अगदी लहान असताना, त्याला जोडलेल्या पीतक-पिशवीत तयार होणाऱ्या आदिम रक्तपेशींपासून त्या निघतात, मेंदूत शिरतात आणि जन्मभर तिथेच राहतात.

पूर्वी गावोगावी जागल्या असायचा. गाव झोपलेलं असताना तो फिरत राही, काही खुट्ट झालं की आधी स्वतः जाऊन बघे आणि गरज पडली तर साऱ्या गावाला उठवी. मायक्रोग्लियाचं काम तसंच आहे. २००५ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहिलं, तेव्हा ‘निवांत’ समजल्या गेलेल्या या पेशी क्षणभरही स्वस्थ नव्हत्या. आपले बारीक फाटे पुढे-मागे करत त्या आसपासचा कण न् कण चाचपत होत्या. काही तासांत अख्खा मेंदू पालथा घालत होत्या. जखम केली की काही मिनिटांत फाटे तिकडे वळत.

यातली मेख अशी. जाग्या झालेल्या मायक्रोग्लिया दोन तऱ्हेची कामं करतात. मेलेल्या पेशींचा राडा उचलणं, नव्या वाढीला वाट करून देणं, हे एक. टीएनएफ, इंटरल्युकिन आणि ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडून शत्रूवर तुटून पडणं, हे दुसरं. एकच पेशी आज हे करेल, उद्या ते, आणि अनेकदा दोन्हीच्या मधलं काहीतरी. दाह हा काही नळ नव्हे की बंद केला आणि काम झालं. सुरुवातीचा दाह बहुधा हवाच असतो. महिनोन्‌महिने धुमसत राहणारा दाह चेतापेशी खातो. पहिल्या दिवशी दिलेलं औषध उपकार करेल की अपकार, हे विसाव्या दिवशीच्या अनुभवावरून सांगता येत नाही. स्टेरॉइडने माणसं का दगावली याचं नेमकं कारण सिद्ध झालेलं नाही. एवढं खरं, की ‘सूज आहे, तर उतरवा’ हा तर्क तिथे उघडा पडला.

सीबी-२ रिसेप्टर या कहाणीत फार महत्त्वाचा ठरतो. निरोगी मेंदूत तो जेमतेम असतो. मायक्रोग्लिया जाग्या झाल्या की त्यांच्यावर तो वाढतो. अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत, ॲमिलॉइड या प्रथिनाच्या पुटकुळ्यांभोवती जमलेल्या मायक्रोग्लियांवर तो माद्रिदच्या संशोधकांना २००३ मध्ये दिसला. म्हणजे जिथे दाह, तिथेच ही कळ. सीबी-१ मेंदूभर पसरलेला आहे; त्याला हात लावला की स्मृती, भूक, वेळेचं भान, मूड, सगळंच हलतं. सीबी-२ला हात लावला तर नशा नाही. औषध घडवणाऱ्यांना याहून मोहक लक्ष्य क्वचित मिळतं, आणि केवळ सीबी-२वर काम करणारी कितीतरी संयुगं गेल्या पंचवीस वर्षांत तयार झाली.

मेंदू आपली ही व्यवस्था कशी वापरतो, हे अतिशय देखणं आहे. २-एजी साठवून ठेवलेलं नसतं. गरज भासली की पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यापासून तिथल्या तिथे बनतं, आपलं काम करतं आणि एमएजीएल नावाचं एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. २००१ मध्ये जेरुसलेमच्या एस्थर शोहामी, मेशुलाम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डोक्याला मार लागल्यावर उंदराचा मेंदू स्वतःच २-एजीचं प्रमाण वाढवतो. आणि बाहेरून आणखी दिलं तर सूज कमी होते, पेशी जास्त वाचतात. दहा वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या बेन क्रॅवाट यांच्या गटाने चित्राची दुसरी बाजू दाखवली. एमएजीएल २-एजी मोडतं तेव्हा त्यातून ॲरॅकिडॉनिक आम्ल सुटतं, आणि मेंदूत दाह चेतवणारी प्रोस्टाग्लँडिन्स मोठ्या प्रमाणात त्याच आम्लापासून बनतात. दाह शमवणारा रेणू मोडला की त्याच्याच तुकड्यांतून दाह वाढवणारे रेणू तयार होतात. ते एन्झाइम रोखलेले उंदीर पार्किन्सनसारख्या इजेपासून बऱ्याच अंशी वाचले.

आणि टीएचसी? २०१३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या चू चेन यांच्या गटाने ‘सेल’मध्ये छापलेल्या प्रयोगात टीएचसीने उंदरांच्या मेंदूत कॉक्स-२ हे एन्झाइम वाढलेलं आढळलं. हेच एन्झाइम आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या रोखतात, कारण ते दाह वाढवतं. टीएचसीने येणारा विसराळूपणा या कॉक्स-२मुळे येतो, आणि ते रोखलं तर विसराळूपणाही टळतो, असं त्यांनी दाखवलं. दाह आवरणारं म्हणून ज्याची ख्याती, तेच संयुग चेतापेशींत दाहाचं एक एन्झाइम वाढवतं. ‘कॅनबिस दाहशामक आहे’ असं बिनदिक्कत लिहिणाऱ्या प्रत्येक जाहिरातीसमोर हा प्रयोग ठेवावासा वाटतो.

*

प्रयोगशाळेतून माणसाकडे येण्याचा प्रवास सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये. या आजारात शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करतात. प्राण्यांमध्ये त्याची नक्कल करता येते. १९८९ मध्ये लायमन आणि सहकाऱ्यांनी असा आजार घडवलेल्या उंदरांना आणि गिनीपिगना टीएचसी दिलं. औषध न मिळालेले ९८ टक्क्यांहून अधिक प्राणी मेले; टीएचसी मिळालेले ९५ टक्क्यांहून अधिक जगले. असे आकडे वैद्यकात सहसा दिसत नाहीत. २००० मध्ये लंडनच्या डेव्हिड बेकर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अशा उंदरांचा ताठरपणा आणि कंप कॅनाबिनॉइड्सनी कमी होतो. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या प्रकाश आणि मिट्झी नागरकट्टी या दाम्पत्याच्या प्रयोगशाळेने टीएचसी आणि सीबीडी एकत्र दिल्यावर उंदरांच्या मेंदूतला दाह पेशींच्या पातळीवर कसा बदलतो, हे बारकाईने मांडलं आहे.

मग ब्रिटनमध्ये माणसांवर चाचणी झाली. प्लिमथचे जॉन झायचेक यांनी २७ केंद्रांवर, आजार हळूहळू वाढत चाललेल्या सुमारे पाचशे रुग्णांना तीन वर्षं टीएचसीच्या किंवा रिकाम्या कॅप्सूल दिल्या. प्रश्न एकच: आजाराची वाढ मंदावते का? २०१३ मध्ये उत्तर आलं: नाही. अपंगत्व दोन्ही गटांत सारखंच वाढलं.

तो अहवाल शेवटपर्यंत वाचला तर एक गोष्ट मात्र लक्षात राहते. सुरुवातीला ज्यांची अवस्था त्यातल्या त्यात बरी होती, जे आधाराशिवाय थोडंफार चालू शकत होते, त्या छोट्या गटात औषधाचा उपयोग झाल्यासारखं दिसत होतं. एकूण चाचणी अपयशी असताना अशा छोट्या गटावर विश्वास टाकता येत नाही, हे संख्याशास्त्राचं शहाणपण योग्यच आहे. पण ही खूण मोलाची आहे. उंदरांना औषध दिलं जातं ते आजार सुरू होण्याआधी किंवा होताना. माणसांना दिलं गेलं ते कित्येक वर्षांनी, मायलिन आणि चेतातंतू झिजून गेल्यावर. उशिरा दिलं म्हणून औषध हरलं, की ते माणसात चालतच नाही? हे कळायला आजाराच्या आरंभी केलेली चाचणी लागते.

ताठरपणासाठी मात्र औषध आहे. टीएचसी आणि सीबीडी जवळजवळ सारख्या प्रमाणात असलेला, तोंडात मारायचा ‘सॅटिव्हेक्स’ हा फवारा २००५ मध्ये कॅनडात आणि २०१० मध्ये ब्रिटनमध्ये मान्य झाला. त्याने स्नायू सैलावतात, झोप लागते. पाय आखडल्यामुळे रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला हे किती मोठं वाटतं ते तोच जाणे. फक्त, लक्षण हलकं होणं आणि आजाराची वाट बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

अल्झायमरमध्ये हीच कथा वेगळ्या वळणाने येते. २००५ मध्ये माद्रिदच्या काहाल संस्थेत मारिया दे सेबायोस यांच्या गटाने ॲमिलॉइड टोचलेल्या उंदरांना कॅनाबिनॉइड दिलं. मायक्रोग्लिया शांत राहिल्या आणि स्मृती टिकली. ज्या काहालांच्या प्रयोगशाळेतून मायक्रोग्लियाचा शोध लावणारा बाहेर पडला, त्यांच्याच नावाच्या संस्थेत हे घडलं. पुढे २०१७ मध्ये जर्मनीत बॉनच्या आन्द्रेआस झिमर यांच्या गटाने केलेला प्रयोग मला या साऱ्या विषयातला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटतो. त्यांनी दोन महिन्यांचे तरुण, बारा महिन्यांचे प्रौढ आणि अठरा महिन्यांचे म्हातारे उंदीर घेतले. २८ दिवस सगळ्यांना टीएचसीची अगदी हलकी मात्रा. म्हातारे उंदीर शिकण्याच्या परीक्षांत तरुणांच्या बरोबरीला आले. त्यांच्या चेतापेशींचे जोड वाढले. आणि तरुण उंदरांची स्मृती बिघडली.

मात्रा तीच, दिवस तेवढेच, फरक वयाचा. वाढत्या वयात शरीराचे स्वतःचे कॅनाबिनॉइड कमी होत जातात, ती तूट बाहेरून भरली गेली असावी. तरुण मेंदूत तूट नव्हती, तिथे बिघाड झाला. माणसांतही पुरावा याच दिशेचा आहे. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या शहरांच्या अभ्यासात, रोज जहाल गांजा ओढणाऱ्यांमध्ये मनोविकृतीचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाच पट आढळला. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं कॉलेजच्या पोरांना सांगणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. बॉनच्या म्हाताऱ्या उंदरांवरून कुणी आपल्या आजोबांना घरच्या घरी भांग पाजू नये, हेही तितक्याच कळकळीने सांगायला हवं. डिमेन्शियाच्या रुग्णांची अस्वस्थता, ओरडणं, मारणं याला मात्र थोडा उतार पडतो असं टोरंटोच्या २०१९च्या एका छोट्या चाचणीत दिसलं. त्यात नॅबिलोन हे कृत्रिम कॅनाबिनॉइड होतं. पण त्याने गुंगीही वाढली. नेदरलँड्समधल्या आधीच्या एका चाचणीत टीएचसीच्या हलक्या मात्रेने काहीच साधलं नव्हतं.

शरीराच्या स्वतःच्या कॅनाबिनॉइडना टिकवून धरणं, म्हणजे त्यांना मोडणारं एन्झाइम रोखणं, हा मार्ग सगळ्यांत सुरक्षित वाटला होता. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात आनंदामाइड मोडणारं एन्झाइम रोखणाऱ्या एका नव्या औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी चालू असताना एकाचा मृत्यू झाला आणि इतर काहींच्या मेंदूला इजा झाली. पुढच्या वर्षी ‘सायन्स’मध्ये उलगडा छापून आला: तो रेणू ठरलेल्या एन्झाइमखेरीज चेतापेशींतल्या इतर कितीतरी एन्झाइमनाही जखडत होता. त्याच वर्गातली इतर औषधं तशी निघाली नाहीत, तरी त्या एका घटनेने सगळं क्षेत्र कित्येक वर्षं मागे गेलं.

*

आता सीबीडी. १९८० मध्ये ब्राझीलमध्ये एलिसाल्दो कार्लिनी आणि मेशुलाम यांच्या गटाने अपस्मार न आवरणाऱ्या १५ रुग्णांवर चाचणी केली. आठ जणांना सीबीडी मिळालं. त्यातल्या चौघांचे झटके जवळजवळ थांबले, आणखी तिघांचे कमी झाले. ज्यांना रिकामी कॅप्सूल मिळाली त्या सात जणांपैकी सुधारला एकच. एवढा ठळक निकाल छापून आला आणि पुढे तीस वर्षं जवळजवळ कुणी त्याचा पाठपुरावा केला नाही. गांजाच्या झाडाला चिकटलेल्या बदनामीची किंमत त्या तीस वर्षांत जन्मलेल्या मुलांनी मोजली, आणि मेशुलाम यांनी याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली होती.

२०१७ मध्ये ड्राव्हे सिंड्रोम या बालपणीच्या भयंकर अपस्मारावर १२० मुलांची रीतसर चाचणी झाली. सीबीडी घेणाऱ्या मुलांच्या महिन्याच्या झटक्यांचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला. सीबीडी न मिळालेल्या गटात १४.९ वरून १४.१. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘एपिडिओलेक्स’ या सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. मात्रा लक्षात घ्यावी: मुलाच्या दर किलो वजनामागे दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत. वीस किलोच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम. जाहिरातींतल्या तेलाचे चार थेंब या मात्रेच्या जवळपासही पोचत नाहीत.

सीबीडी सीबी-१ला किंवा सीबी-२ला नीट चिकटतही नाही. ते इतर अनेक रिसेप्टरवर काम करतं आणि ॲडेनोसिन या शामक रेणूचं पेशीत परत शोषलं जाणं कमी करतं. मायक्रोग्लियाही त्याने शांत होतात, निदान उंदरांत आणि काचेच्या बशीत. पोटात घेतलं तर त्यातलं जेमतेम सहा टक्के रक्तात पोचतं. तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतलं तर शोषण चार-पाच पटींनी वाढतं. आपल्याकडे भांग दुधातुपात घोटण्याची चाल होती, ती या रसायनशास्त्राला धरून आहे. पण याच कारणाने घरगुती प्रयोगात मात्रा कधीच हाती राहत नाही.

शिवाय इतर औषधांशी त्याचं जमवून घ्यावं लागतं. क्लोबाझाम घेणाऱ्या मुलाला सीबीडी दिलं तर क्लोबाझामचा प्रभाव वाढून मूल गुंगीत जातं. व्हॅल्प्रोएटबरोबर दिलं तर यकृताची एन्झाइम्स चढू शकतात. ही दोन्ही औषधं आपल्याकडे अपस्मारासाठी सर्रास दिली जातात. तेव्हा कुठलंही तेल सुरू केलं असेल तर ते आपल्या न्यूरॉलॉजिस्टला सांगावं. ते रागावतील या भीतीने लपवू नये. बाटलीवर लिहिलेलं आत असेलच, असंही नाही: २०१७ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलाप्रमाणे मात्रा निघाली ती ३१ टक्क्यांत, आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं.

जाता जाता आपल्या स्वयंपाकघराबद्दल. काळी मिरी आणि लवंगेत बीटा-कॅरिओफिलीन नावाचं सुगंधी द्रव्य असतं. ते केवळ सीबी-२ला चिकटतं, हे झुरिकच्या युर्ग गेर्च यांनी २००८ मध्ये दाखवलं. उंदराच्या पंजावरची सूज त्याने उतरली. माणसाच्या मेंदूपर्यंत ही गोष्ट अजून आलेली नाही, त्यामुळे लवंगा चघळून मल्टिपल स्क्लेरोसिस बरा करायला कुणी निघू नये.

*

भारतात या संशोधनाला कायदा आडवा येतो, असं सर्रास म्हटलं जातं. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, चरस म्हणजे राळ. पानं आणि बिया फुलोऱ्याशिवाय असतील तर त्या व्याख्येत येत नाहीत. भांग त्यामुळेच कायद्याच्या बाहेर राहिली आणि आयुर्वेदिक औषधांच्या परवान्याखाली ‘विजया’ची उत्पादनं विकली जाऊ लागली. पण याच कायद्याचं कलम ८ बंदी घालताना वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी मोकळीक ठेवतं, आणि कलम १० लागवडीची परवानगी देण्याचे अधिकार राज्यांना देतं. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठी हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या, लागवडीला परवाना दिला. जम्मूला सीएसआयआरच्या संस्थेत संशोधनासाठी रीतसर लागवड होते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं होतं.

चाचणी कशी करावी याचा एक जुना धडाही आपल्याच मातीत आहे. १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनसमोर १,१९३ साक्षीदार आले. गांजाने वेड लागतं असं वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे सांगत होते. आयोगाने ते तसेच न घेता एका वर्षातली एकेक नोंद उकरून काढली. वेडाचं कारण बऱ्याचदा पोलिसाने आणून दिलेल्या कागदावरून भरलं गेलं होतं, असं निघालं. सात खंडांच्या त्या अहवालातली ही सचोटी आजच्या विक्रेत्यांकडे नाही आणि सरसकट विरोध करणाऱ्यांकडेही नाही.

महाराष्ट्रात मेंदूच्या शस्त्रक्रियांचे मोठे सरकारी विभाग आहेत, महामार्गांवरच्या अपघातांतून तिथे रोज डोक्याला मार लागलेली माणसं येतात. मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान आता एमआरआयमुळे पूर्वीपेक्षा बरंच लवकर होतं. डेक्सॅनॅबिनॉल आणि प्लिमथच्या चाचणीने जे प्रश्न मागे ठेवले, त्यांची उत्तरं इथे शोधता येतील: निदान होताच औषध सुरू केलेले रुग्ण, रक्तात मोजलेली मात्रा, मायक्रोग्लिया किती जाग्या आहेत हे पेट-स्कॅनवर पाहून निवडलेले रुग्ण, आणि निकाल कसाही आला तरी तो छापण्याची हमी. राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याने संशोधनासाठी स्वतंत्र परवान्याचा नमुना जाहीर करावा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयांना घेऊन पहिला आराखडा नैतिक समितीपुढे ठेवावा, आणि औषध सरकारी देखरेखीखाली तयार व्हावं. विजया तेलाची जी उत्पादनं आज दुकानांत आहेत, त्यांची टीएचसी आणि सीबीडीसाठी तपासणी करून आकडे नावानिशी लोकांपुढे मांडण्याचं काम अन्न व औषध प्रशासन उद्यापासून करू शकतं. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.